गावातल्या मेडिकलमध्ये बीपी-शुगर तपासणी सुरू करावी का?

मेडिकलवाला_पाटण

नमस्कार मंडळी. माझं सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात मेडिकल आहे, वडिलांनी सुरू केलेलं, बी.फार्म झाल्यापासून मी बघतो. आमच्याकडे खोऱ्यातल्या वाड्या-वस्त्यांवरनं लोक बाजाराच्या दिवशी खाली येतात, घरातला एखादा मुंबईला कामाला असतो आणि मागे म्हातारी माणसं. बरेच जण सालोसाल डॉक्टरकडे जात नाहीत पण माझ्याकडे दर आठवड्याला येतात, अंगदुखीची गोळी दे, गॅसची दे, बाम दे. तर डोक्यात असं आहे की दुकानात एक टेबल टाकून ४० च्या वरच्यांचं बीपी आणि शुगर बघायची, जमलं तर बोटातल्या रक्तावर कोलेस्टेरॉल देणारं मशीन पण घ्यायचं, आणि हार्टचा धोका किती ते सांगायचं. आता प्रश्न असे की हे फार्मासिस्टला कायद्यानं चालतं का, मशीन कसलं घ्यावं, पैसे घ्यावेत का फुकट करावं, आणि मेन म्हणजे एखाद्याचं बीपी १७०-१८० निघालं तर त्याला सांगायचं काय? "डॉक्टरला दाखवा" म्हटलं की मान हलवतात आणि एसटी पकडून घरी जातात हे मला आत्ताच दिसतंय. कुणी केलं असेल तर अनुभव सांगा.

शंकासूर

राग मानू नका राव, पण मला ह्या प्रकाराचीच भीती वाटते. आमच्या भागात एका दुकानाबाहेर मांडव घालून "हृदय तपासणी शिबिर" झालं होतं, कुठल्यातरी कंपनीचा माणूस टाय लावून बसलेला, येईल त्याचं बीपी बघायचं, वजन बघायचं आणि प्रत्येकाला "थोडं जास्त आहे हं काका" म्हणून हजार-बाराशेची पावडर नाहीतर कसल्यातरी ओमेगाच्या गोळ्यांची बाटली. माझ्या सासऱ्यांनी पण आणली. जो माणूस तपासतो त्याचाच गल्ला असला की आकडा जास्तच निघणार ना? तुमचं मन साफ असेल, पण सिस्टीमच तशी आहे त्याला तुम्ही तरी काय करणार. शिवाय निम्म्या मेडिकलमध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि काउंटरला बारावी पास पोरगा, तो सांगणार हार्टचा धोका?

डॉ_निवांत

शंकासूर म्हणतात ते खोटं नाही, पण त्यासाठी सगळंच मोडीत काढायची गरज नाही. मी फिजिशियन आहे, कोल्हापूर साइडला. माझ्याकडे पॅरालिसिस होऊन नाहीतर किडनीला सूज येऊन जे येतात त्यातल्या कितीतरी जणांचं बीपी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कॅज्युअल्टीत मोजलेलं असतं. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडिअ‍ॅबचा देशभरचा अभ्यास आला त्यात मोठ्या माणसांत बीपी ३५.५ टक्के आणि मधुमेह ११.४ टक्के निघाला, म्हणजे पाटणकर, तुमच्या काउंटरवर येणारा साधारण प्रत्येक तिसरा माणूस. त्यामुळे जागा बरोबर आहे.

पण आधी मोजायचं कसं ते. बाजारातून पिशव्या उचलून घामाघूम आलेल्या माणसाला उभ्या उभ्या पट्टा बांधला तर १६० येणारच, त्याला अर्थ नाही. पाच मिनिटं गप बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पायावर पाय नको, दंड छातीच्या लेव्हलला टेबलावर, लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणा, आणि अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको (हे तुमच्याकडे सगळ्यात अवघड, माहितीये). मोजताना बोलू द्यायचं नाही. दोनदा मोजा, मध्ये एक मिनिट. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बघा आणि ज्या हाताचं जास्त तोच हात पुढे धरा. मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको, आणि पट्टे दोन साइजचे ठेवा, नेहमीचा २२ ते ३२ सेंमी दंडाला असतो, जाड दंडाला तो आवळून बसवला की आकडा उगाच वाढतो. अशी लिस्ट असते, कुठली मशीन तपासून खात्रीची ठरलीत त्याची, स्ट्राइड बीपी नावाच्या साइटवर बघा, त्यातलंच मॉडेल घ्या.

आणि एकदा १५० दिसलं म्हणजे तो बीपीचा पेशंट झाला असं नाही. वेगवेगळ्या दिवशी परत बघायचं, १४०/९० च्या वर सारखं येतंय तर माझ्यासारख्याकडे पाठवायचं. तुम्ही "तुम्हाला बीपी आहे" हे वाक्य वापरूच नका. "आज जास्त लागलंय, पुढच्या बाजाराला परत या" एवढंच.

१८०/१२० च्या घरात लागलं तर परत पाच-दहा मिनिटं बसवून मोजा. तरी तेवढंच, आणि सोबत छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ जड, एक हात-पाय लुळा, दिसायला अंधुक, ह्यातलं काही असेल तर १०८, थांबायचं नाही. काहीच त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि हात जोडून विनंती, जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून द्यायचा जुना उद्योग काही ठिकाणी अजून चालतो तो करू नका, बीपी धाडकन खाली येऊन त्यातच अटॅक नाहीतर स्ट्रोक होतो.

जुना_केमिस्ट

डॉक्टरांनी मोजमाप छान सांगितलं. मी धंद्यातला म्हणून बाकीचं सांगतो, नाशिकला तीसेक वर्षं काउंटर सांभाळलाय.

बीपी बघायला कुणी अडवत नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच धरलंय. पण निदान करायचं नाही आणि चिठ्ठीशिवाय बीपीची गोळी चालू करायची नाही, ती शेड्यूल एचमधली आहे. "भाऊ तूच दे ना एखादी" असं म्हणणारे रोज भेटतील, तिथं खमकं राहायचं.

शुगरला सुई टोचली की भानगड वाढते. टोचायची सुई प्रत्येकाला नवीन, ते पेनसारखं येतं ना ज्यात सुई बदलतात ते घरच्या एका माणसासाठी असतं, दुकानात वापरू नको, एकदा वापरून फेकायच्या लॅन्सेटच घे. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात नाहीत, बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमात सुयांना पांढरा डबा लागतो, टोचून भोक न पडणारा. जवळच्या पॅथॉलॉजी लॅबचा कचरा न्यायला जी गाडी येते त्यांच्याशी बोल. आणि पाटणला पावसाळा कसला असतो ते तुला सांगायला नको, शुगरच्या स्ट्रिपची बाटली उघडी राहिली की दमट हवेनं स्ट्रिप बाद होतात आणि मशीन बिनधास्त चुकीचा आकडा दाखवतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची.

कोलेस्टेरॉलच्या मशीनच्या नादाला सुरुवातीला लागूच नको. स्ट्रिप महाग, खपत नाहीत, एक्स्पायर होतात, मग ती संपवायला तूच लोकांना आग्रह करायला लागशील आणि शंकासूरांचं म्हणणं खरं ठरेल.

आता खरी गोष्ट. टेबल न टाकता, मशीन न घेता पण निम्मं स्क्रीनिंग होतं आणि ते आपल्याशिवाय कुणी करू शकत नाही. तुझ्या दुकानात कोण काय मागतंय ते बघ. रोज डायक्लोफेनॅक नाहीतर एटोरिकॉक्सिब नेणारा शेतकरी, गुडघ्यासाठी, आणि तोच बीपीची गोळी पण नेतोय, तर त्या दुखण्याच्या गोळीनं बीपी वर चढतंय आणि डॉक्टर तिकडे डोस वाढवतायत कारण त्यांना ही गोळी माहितीच नाही. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर. सर्दीच्या काही गोळ्यांनी पण बीपी चढतं. अंगात ताकद यायला म्हणून डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, मागणारे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "गॅस झालाय, छातीत जळजळ, जोरातली गोळी दे" म्हणून दुपारी घाम पुसत आलेला पन्नाशीचा माणूस. त्याला विचार दुखणं जबड्याकडे, हाताकडे, पाठीत जातंय का, चालल्यावर वाढतं का, दम लागतो का. शुगरवाल्यांना आणि बायकांना तर छातीत न दुखता नुसता घाम आणि थकवा येऊन पण अटॅक असतो. असा माणूस गॅसची गोळी घेऊन घरी गेला की संपलं. काउंटरच्या पोऱ्याला बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण हा माणूस दिसला की त्यानं तुला हाक मारली पाहिजे.

लेस्टरकर

मूळचा साताऱ्याचाच, इथे इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसीत आहे म्हणून इकडचं सांगतो, तुलना करायला नाही, काय उचलता येईल ते बघायला.

इथे ऑक्टोबर २०२१ पासून एनएचएसनं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, फार्मसीला हेच काम अधिकृत दिलंय. ४० च्या वरचे, ज्यांना बीपीचं निदान झालेलं नाही असे लोक, कुणीही आत यायचं, पेशंटला फुकट. पैसे सरकार दुकानाला देतं, सुरुवातीला एका तपासणीला १५ पाउंड होते. १४०/९० च्या वर आलं की आम्ही लगेच डॉक्टरकडे ढकलत नाही, २४ तास दंडाला लावून ठेवायचं मशीन देतो, ते दिवसभर थोड्या थोड्या वेळानं आपोआप मोजतं, त्याला वेगळे ४५ पाउंड होते. त्याची दिवसाची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर मग जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. दुकानात आल्यावर घाबरून वाढणारे इथंच गळतात. १८०/१२० असेल तर त्याच दिवशी जीपी नाहीतर हॉस्पिटल. रिझल्ट जीपीकडे आम्हीच पाठवतो, पेशंटच्या भरवशावर सोडत नाही.

शंकासूरांच्या मुद्द्याचं उत्तर यात आहे बघा, मला पैसे तपासल्याचे मिळतात, काही विकल्याचे नाहीत. तुमच्याकडे सरकार देणार नाही, मग उलटं करा, बीपीचे दहा-वीस रुपये सरळ घ्या, बोर्ड लावा, आणि नियम करा की तपासलेल्याला त्या दिवशी काहीही विकायचं नाही. फुकट ठेवलं की भरपाई कुठूनतरी काढावीशी वाटतेच.

दुसरं म्हणजे खोली. इथे बंद दाराची कन्सल्टेशन रूम लागते. तुम्ही निदान पडदा लावा हो. आपल्याकडे "अहो मावशी तुमची शुगर तीनशे झालीय" असं सगळ्या लायनीसमोर ओरडतात, मावशी परत येतीलच कशाला.

वयाचं मात्र इकडचं उचलू नका. आपल्या लोकांना हार्टचा त्रास लवकर होतो, २००४ चा इंटरहार्ट अभ्यास बघा, ५२ देशांचा, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आणि बाकीच्यांना ५९ च्या आसपास होता. म्हणून इथल्या क्यूरिस्क नावाच्या हिशोबात वंशाचा रकाना असतो, इंडियन टाकलं की धोका वर जातो. तिकडे आपल्या सरकारची तपासणी ३० पासून आहे ना? मग ४० कशाला, ३० च धरा. मुंबईला रिक्षा चालवणारा पस्तिशीचा पोरगा गणपतीला गावी आला की त्याला पकडा.

गटप्रवर्तक_ताई

हो ३० पासूनच. आमच्या आशा ताया घरोघरी सीबॅक फॉर्म भरतात, वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर-हार्ट, यावर मार्क आणि ४ च्या वर गेले की आधी तपासणीला बोलवायचं. दादा तुम्ही मशीन घ्यायच्या आधी शिलाईची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंमी आणि बाईची ८० च्या वर गेली की मार्क पडायला लागतात. तेवढ्यात अर्धं कळतं.

अजून एक, सातारा जिल्हा आयएचसीआय मध्ये पहिल्यापासून होता, २०१७ ला चालू झालेला बीपीचा कार्यक्रम, आपल्या राज्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या पेशंटची नोंद आणि फुकट गोळ्या हे तुमच्याकडे नवीन नाही. मेडिकलवाल्यानं पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरला जाऊन भेटावं, चिठ्ठीचा नमुना ठरवावा. तुमच्याकडची चिठ्ठी घेऊन माणूस आला तर त्याला परत केसपेपरच्या रांगेत ताटकळत ठेवू नका एवढं ठरलं तरी लोक जातील. आमच्याकडून पण एक तक्रार आहे, पुरुष घरी सापडतच नाहीत. आशा जाते तेव्हा शेतावर नाहीतर बाहेर. तेच पुरुष तुमच्या दुकानात येतात.

शंकासूर

पडदा, दर, त्या दिवशी विक्री बंद, हे पटलं. पण माझा मूळ प्रश्न राहतोच, नुसतं मोजून होतं काय? आमच्या बिल्डिंगमध्ये दर वर्षी मोजतात. दर वर्षी त्याच लोकांचं जास्त निघतं.

डॉ_निवांत

शंकासूर, बरोबर जागेवर बोट ठेवलंत. ह्यावर एक फार सुंदर अभ्यास आहे, लॉस एंजेलिसमधला, २०१८ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आला. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांत बीपी जास्त आणि दवाखान्यात जाणं कमी, म्हणून ते जिथे नियमित जातात तिथे गाठायचं ठरलं, म्हणजे न्हाव्याच्या दुकानात. ५२ दुकानं, ३१९ माणसं. अर्ध्या दुकानांत न्हावी फक्त म्हणायचा, बाबा डॉक्टरला दाखव आणि राहणीमान सुधार. बाकीच्यात फार्मासिस्ट दुकानात येऊन बसायचा, डॉक्टरांबरोबर आधी ठरलेल्या पद्धतीनं गोळ्या चालू करायचा, वाढवायचा, परत मोजायचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी ९ नं उतरलं, फार्मासिस्टवाल्या गटाचं २७ नं. मोजणं दोन्हीकडे होतं, फरक पुढच्या कामाचा. कॅनडात अल्बर्टामध्ये पण तसंच, ५६ फार्मसी, ७२३ धोक्यातले पेशंट, तीन महिन्यांत हार्टचा अंदाजित धोका २१ टक्क्यांनी खाली, पण तिथल्या फार्मासिस्टला चिठ्ठी लिहायचा आणि लॅब टेस्ट सांगायचा अधिकार आहे आणि ते दर तीन-चार आठवड्यांनी पेशंटला परत बोलवत होते.

आपल्याकडे तो अधिकार नाही आणि खरं सांगायचं तर आत्ताची काउंटरची अवस्था बघता लगेच द्यावा असं माझं पण मत नाही. मग पाटणकरांच्या हातात काय उरतं? जुना_केमिस्ट काका, तुम्हीच सांगा ना, रिफिलचं, म्हणजे चालू गोळ्या दर महिन्याला परत नेण्याचं.

जुना_केमिस्ट

हां, तेच लिहायला आलो होतो. अरे पाटण, तू नवीन पेशंट शोधायला निघालायस, पण सापडलेले पेशंट तुझ्या दुकानातून गळतायत ते आधी बघ. तेल्मिसार्टन नाहीतर अ‍ॅम्लोडिपिन, बीपीच्या गोळ्या, नेणारे किती जण महिन्याच्या महिन्याला येतात? माझ्याकडे लोक दहाची पट्टी कापून पाच मागायचे. पाच गोळ्या, मग दहा दिवस गायब, मग परत पाच. कुणी म्हणतं डोकं दुखलं की घेतो, कुणाचं बीपी गोळीवर नॉर्मल आलं म्हणून बंद केली, कुणाला शेजारणीनं सांगितलं एकदा चालू केली की जन्मभराची लागते मग सुरूच कशाला करा. हे डॉक्टरला दिसत नाही. डॉक्टर सहा महिन्यांनी बघतो. गोळी किती खपली ते फक्त आपल्याला दिसतं.

म्हणून वही घाल. ज्यांची गोळी चालू आहे त्यांची नावं, गोळी, किती नेल्या, कधी संपणार. त्यांना विचारूनच फोन नंबर लिही, आणि तारीख उलटून आठवडा गेला की फोन कर. आला की पहिलं बसवून बीपी बघ, गोळी नंतर. पाचच गोळ्या परवडत असतील तर त्याला पीएचसीचा नाहीतर जन औषधीचा रस्ता दाखव, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. (माझा मुलगा म्हणायचा, पप्पा धंदा बुडवणार. बुडाला नाही, उलट अख्खं घर आमच्याकडूनच औषधं न्यायला लागलं.) हे सहा महिने जमलं की मग नवीन लोकांचं टेबल मांड, तोवर हातही बसलेला असेल.

मेडिकलवाला_पाटण

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. रात्री दुकान बंद केल्यावर कॉम्प्युटरवरची बिलं चाळली आणि काका म्हणतात तेच, बीपीवाल्यांत महिन्याच्या पूर्ण गोळ्या नेणारे निम्मे पण नाहीत, आणि जे नेतात ते बहुतेक शिक्षक, बँकवाले, पेन्शनर. वाडीवरचे सगळे पाच-पाच वाले. त्यात आमच्याच आळीतली दोन नावं बघून बसलो.

ठरवलंय असं की दंडावरचं मशीन आणि दोन पट्टे घ्यायचे, आतल्या बाजूला पडदा, शुगर आत्ता नको, कोलेस्टेरॉल तर नाहीच. सोमवारी पीएचसीत साहेबांना भेटून येतो. अजून दोन शंका. डॉक्टर, तो डब्ल्यूएचओचा रंगीत तक्ता असतो, दहा वर्षांत अटॅकचा धोका दाखवणारा, तो भिंतीवर लावू का? आणि आमच्याकडे बायका मिश्री लावतात, त्यांना विचारलं तंबाखू खाता का तर नाही म्हणतात, ते कुठं धरायचं?

डॉ_निवांत

तक्ता भिंतीवर नको, टेबलाच्या खणात ठेवा. २०१९ चा घ्या, दक्षिण आशियाचा वेगळा आहे, आणि त्यातला रक्त न तपासता वापरायचा जो आहे तो, त्याला वय, बाई का पुरुष, सिगरेट-बिडी, वरचं बीपी आणि उंची-वजनावरून बीएमआय एवढंच लागतं. ४० ते ७४ वयालाच चालतो, आणि ज्याला आधी अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलाय त्याला लावायचाच नाही, तो आधीच धोक्यात आहे. लाल रंग दाखवून लोकांना घाबरवू नका, पण हिरवा आला म्हणून बिडी ओढायला मोकळा असं पण त्याला वाटायला नको. तरुण माणसाचा तक्त्यावर हिरवाच येतो, कारण वय कमी.

मिश्रीचं त्या तक्त्यात कुठंच नाही, तो फक्त ओढण्याचं विचारतो. ताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये गुटखा-खैनी धरतात, तिथं मोजा.

गटप्रवर्तक_ताई

आणि "तंबाखू खाता का" असं विचारायचंच नाही दादा. "मिश्री दिवसातनं किती वेळा लावता" असं विचारा, लगेच सांगतात, सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा, आणि शेतातनं आल्यावर. पुरुषांना पण तसंच, पुडी किती दिवस पुरते ते विचारा. सोमवारी लवकर जा, साहेबांची दुपारी मीटिंग असते बऱ्याचदा.

मेडिकलवाला_पाटण

नऊलाच जातो. वहीचा नमुना तयार झाला की इथं टाकतो, काका चुका काढा.